मिसकूट फॉरेनला जातं

आमच्या ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लोणचं फक्त डिचोली, साखळी, म्हापशाला विकलं जायचं तेव्हा आमच्याकडे एकही किस्सा नव्हता. लोणचं व्हायचं, दुकानात जायचं, संपायचं. सांगण्यासारखं काय त्यात! पण एकदा शेटनी ठरवलं की माल फॉरेनला पाठवायचा. तेव्हापासून जे सुरू झालं, ते आता घरी पाहुणे आले की आईच म्हणते, "स्वाती, ते बिस्किटाचं सांग गो!"

बिस्किटाचं सांगितलं की टिकलीपर्यंत सगळंच सांगावं लागतं. म्हणून बसा जरा निवांत.

आमची कंपनी डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. नाव सांगत नाही, शेट ओरडतील. मुख्य माल मिसकूट, म्हणजे आमच्याकडचं कैरीचं लोणचं. शिवाय आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसाचे तळलेले गरे. शेटचे पूर्वी खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले. मागे उरली एक मोठी शेड, बसून राहिलेले ड्रायव्हर आणि काम शोधणाऱ्या त्यांच्या बायका.

त्यातली एक मंदावैनी. माहेर दोडामार्गकडचं. तिचा नवरा बाबलो शेटच्या पहिल्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो वारल्यावर वैनी घरी मिसकूट करून विकायची. शेटनी ते एकदा खाल्लं आणि ट्रक विकून बरण्या घेतल्या. कंपनी सुरू झाली ती अशी. आज प्रॉडक्शन सगळं वैनीच्या हातात आहे.

अडचण एकच. गोव्यात मिसकूट घरोघरी होतं. विकत घेणार कोण? टुरिस्ट, तेही हंगामात. पावसाळा लागला, किनारे ओस पडले की आमच्या शेडमधल्या बायकांना घरी बसावं लागायचं. शेटना ते बघवत नसे.

"ज्यांच्या दारात आंब्याचं झाड नाही, अशा लोकांकडे माल गेला पाहिजे," शेट म्हणाले.

"कुठे असतात असे लोक?" वैनीने विचारलं.

"फॉरेनला."

वैनीला त्या लोकांची फार कीव आली.

*

मी एक्स्पोर्ट मॅनेजर कशी झाले ते आधी सांगते.

मी मांद्र्याची. मामाचं तिथे गेस्टहाऊस आहे. कॉलेज झाल्यावर मी मामाकडे आलेल्या मेलना उत्तरं लिहायचे. 'येस, हॉट वॉटर अव्हेलेबल. नो, बीच इज नॉट प्रायव्हेट.' माझं इंग्रजी तेवढ्यातच फिरायचं. शेटना कोणीतरी सांगितलं की ही मुलगी फॉरेनरशी बोलते. त्यांनी बोलावून एकच प्रश्न विचारला.

"फॉरेनर उद्धटपणे लिहितो तेव्हा तुला राग येतो?"

"नाही येत. सवय आहे."

"मग तू एक्स्पोर्ट मॅनेजर."

पहिल्याच दिवशी बहारीनच्या एका व्यापाऱ्याची चौकशी आली होती. मी त्याला सवयीने लिहून टाकलं, 'थँक यू फॉर युवर इंटरेस्ट. हाऊ मेनी नाइट्स वुड यू लाइक टु स्टे?' पाठवल्यावर लक्षात आलं. नोकरी गेली असं समजून मी डबा पिशवीत भरला.

त्याचं उत्तर आलं, 'टू नाइट्स. बट फर्स्ट सेंड सॅम्पल.'

ते आमचं पहिलं गिऱ्हाईक!

*

आता बिस्किटाचं.

बहारीनची पहिली ऑर्डर निघाली. शिपिंग एजंटकडे एक अतिशय कामसू क्लार्क होता. मी कागदावर इंग्रजीत 'मिसकूट' लिहिलं होतं. त्याला वाटलं टायपिंगची चूक आहे. त्याने सगळीकडे नीट 'बिस्किट' करून टाकलं. वर मला फोनही केला.

"मॅडम, तुमच्या कागदात एक मिस्टेक होती. मी दुरुस्त केली. तुम्हाला त्रास दिला नाही."

मी त्याला थँक यू म्हटलं.

माल बंदरात पोचला. कागदावर बिस्किटं, आणि खोक्यांना मोहरीचा नि हिंगाचा वास. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं अडवून ठेवलं. माल परत आला तर त्या वर्षी दुसरी ऑर्डर मिळणार नव्हती. शेट ऑफिसात येरझारा घालत होते. मी फोटो पाठवले, कृती पाठवली, कैरीचं चित्रसुद्धा पाठवलं. काही उपयोग होईना.

वैनीला मात्र माल अडल्यापेक्षा वेगळंच लागलं होतं.

"बिस्कुट? माझ्या मिसकुटाक बिस्कुट म्हटल्यानी?"

शेवटी त्या अधिकाऱ्याने कंटाळून एक पाकीट फोडलं आणि फोड तोंडात टाकली. माल सुटला. कागद परत आला त्यावर त्याच्या हातचा शेरा होता, 'टेस्टेड. नॉट बिस्किट.'

शेटनी तो फ्रेम करून ऑफिसात लावलाय. येणाऱ्या लोकांना ते सरकारी सर्टिफिकेट वाटतं. आम्ही वाटू देतो.

*

मग बहारीनवाला म्हणाला, लेबल अरबीत हवं. एका जाणकाराकडून मजकूर लिहून घेतला, स्टिकर छापले, बायकांनी एकेक पाकिटावर सुबक चिकटवले. शेट एक पाकीट हातात घेऊन लांबून, जवळून बघत होते. "पळय गो, कसं इंटरनॅशनल दिसतं!"

एवढ्यात कासीमभाई आगळ घ्यायला आले. कासीमभाई आमच्या इस्टेटच्या मागेच राहतात. कितीतरी वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आलेले. त्यांनी टेबलावरचं पाकीट उचललं, उलटं केलं आणि वाचायला लागले.

शेट माझ्या कानात म्हणाले, "बिचाऱ्याची सवय गेली."

कासीमभाईंनी सगळं लेबल वाचलं. "मजकूर एकदम बरोबर आहे, शेट. फक्त गिऱ्हाइकाला डोक्यावर उभं राहून वाचावं लागेल."

ओल्या फडक्यांनी एकेक स्टिकर सोडवला. नवे छापायला दिले तेव्हा मी शहाणपणा केला. बायकांना स्टिकरची वरची बाजू कळावी म्हणून नमुन्यावर बाण काढला आणि ठळक लिहिलं, 'वर'. मागच्या कागदावर खूण कर, असं त्या प्रिंटरला सांगायचं होतं. त्याने नुसता नमुना बघितला आणि प्रत्येक लेबलवर, अरबी मजकुराच्या डोक्यावर, ठसठशीत मराठीत छापलं, 'वर'.

जहाज सुटायला आलं होतं. तसाच माल गेला.

बहारीनहून मेल आली, 'व्हॉट इज दिस डिझाइन ऑन टॉप?'

"काय सांगू?" मी शेटना विचारलं.

शेटनी बराच विचार केला. "सांग, ब्रँड."

पुढची ऑर्डर आली ती अशी, 'प्लीज सेंड वर ब्रँड ओन्ली. कस्टमर नॉट टेकिंग अदर.'

आज गल्फमध्ये आमचं मिसकूट 'वर' नावाने खपतं. गोव्यात हे नाव कोणाला सांगितलं तर लोक वर बघतात.

*

ऑफिसात शेटनी तीन घड्याळं लावली. दुबई, लंडन, टोरांटो. मोठ्या कंपन्यांत असतात तशी. आपलं डिचोलीचं लावायचं तेवढं राहून गेलं.

बायकांना जेवणाची वेळ कळायला घड्याळ तर पाहिजे. त्यांनी लंडनचं धरलं. लंडनला सकाळचे अमुक वाजले की डबे सोडायचे, असं ठरून गेलं. सगळं सुरळीत चाललं होतं. थंडी आली तसं शेटनी लंडनचं घड्याळ तिथल्या रीतीप्रमाणे एक तास मागे केलं.

दुसऱ्या दिवशी भुकेने कासावीस झालेल्या बायका ऑफिसच्या दारात उभ्या.

"शेट, ह्या लंडनवाल्यांक थंडीत भूक लागणा नाय काय?"

*

डेन्मार्कच्या एका कंपनीने सॅम्पल मागवलं. त्यांचं म्हणणं, लोणचं उत्तम, पण आमच्या माणसांना तिखट कमी पाहिजे. वैनीने कमी करून पाठवलं. मेल आली, 'अवर टेस्टर हॅड टु गो होम.' वैनीने आणखी कमी केलं. मेल आली, 'सेकंड टेस्टर ऑल्सो वेंट होम.'

"सगळे घराकच जातत, मगे काम कोण करता थय?" वैनी म्हणाली.

तिसऱ्या वेळी तिने मिरची जवळजवळ घातलीच नाही. मसाला कालवताना तोंड दुसरीकडे केलं होतं. आमची क्वालिटी मॅनेजर अश्विनी. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, कोल्हापूरची. तिने चव घेतली आणि म्हणाली, "वैनी, छान झालंय."

"तू कोल्हापूरची मा गो? मगे खोटा कित्याक बोलतंस?"

डेन्मार्कचं उत्तर आलं, 'परफेक्ट. स्टिल अ लिटल स्पायसी.'

ऑर्डर मिळाली. आता हा माल आणि आपला माल एकत्र होऊ नये म्हणून वैनीने पिंपांवर खडूने लिहिलं, 'आजाऱ्यांचा'. त्याच आठवड्यात एक्स्पोर्टच्या सर्टिफिकेटसाठी पुण्याहून ऑडिटर आला. मराठी माणूस. त्याने पिंपावरचं वाचलं.

"हे आजारी लोकांसाठी आहे?"

"होय," वैनी म्हणाली.

"म्हणजे औषधी उत्पादन! ह्याला वेगळं लायसन्स लागतं. आहे का तुमच्याकडे?"

समजावून समजावून अश्विनीचा घसा बसला. ऑडिटर म्हणाला, काही असो, हे नाव पुसा. वैनीने पुसलं आणि लिहिलं, 'डेन्मार्क'.

आता आमच्याकडे कामावरच्या कोणाच्या घरी कोणाला ताप आला, तोंडाची चव गेली, की निरोप येतो, "वैनी, पेजेबरोबर वाटीभर डेन्मार्क पाठव!"

*

त्याच ऑडिटरने जाताना सांगितलं की पुढच्या वेळेपर्यंत एक रिकॉल ड्रिल करून ठेवा. म्हणजे समजा, माल खराब निघाला, तर तो बाजारातून किती पटकन परत आणता येतो ह्याची तालीम. युरोपात माल पाठवायचा तर हे दाखवावंच लागतं.

तालमीसाठी आम्ही जवळच्या दुकानांतली एक बॅच निवडली. मी एकेका दुकानदाराला फोन लावला. "अमुक बॅचची पाकिटं विकू नका, बाजूला ठेवा, आमची गाडी न्यायला येईल."

डिचोली बाजारातला पहिलाच दुकानदार म्हणाला, "कित्याक गो? कितें मेळ्ळें तातूंत?"

"काही नाही मिळालं. नुसती तालीम आहे."

मी 'काही नाही' म्हटलं ती चूक झाली. माणूस काही नाही म्हणतो तेव्हा काहीतरी असतं, हे डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे. दुपारपर्यंत बाजारात झालं की लोणच्यात पाल मिळाली. हे ऐकून शेटनी डोक्याला हात लावला. पण संध्याकाळचा बाजार भरता भरता पालीचं मागे पडलं आणि नवीनच निघालं. लोणचं कालवताना कामावरच्या एका बाईची सोन्याची पाटली पिंपात पडली, आणि कंपनी ती शोधायला पाकिटं परत मागते आहे!

आमची गाडी दुकानांत पोचेपर्यंत त्या बॅचचं एक पाकीट उरलं नव्हतं. साखळीला एका माणसाने आख्खं खोकं उचललं होतं. दोन दिवसांनी एक बाई थेट फॅक्टरीत आली. हातात रिकामं पाकीट.

"तेल मिळालं, फोडी मिळाल्या, पाटली काही मिळाली नाही. दुसरं द्या."

ऑडिटरने पुढच्या वेळी सगळं ऐकून घेतलं. रिपोर्टात त्याने लिहिलं, 'प्रॉडक्ट कुड नॉट बी रिकॉल्ड. रीझन: पब्लिक.'

*

दुबईला खाण्याच्या मालाचं मोठं प्रदर्शन होतं. शेट म्हणाले, जायचंच. जगभरचे खरेदीदार एका छपराखाली भेटतात. विमान आमच्या घराजवळच्या मोपाहूनच होतं. मांद्र्याहून मामाने मला स्कूटरवर सोडलं. फॉरेनला निघालेय असं वाटेना. आठवड्याच्या बाजारालाच चालल्यासारखं वाटत होतं.

आमचा स्टॉल एका कोपऱ्यात होता. शेट कोट घालून उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कागदी पेल्यातून सोलकढी देत राहिले. लोक थांबायचे, प्यायचे, 'नाइस कलर' म्हणायचे आणि पुढे जायचे. एकाने तर पेला परत देऊन बाथरूम कुठे आहे तेवढं विचारलं. शेटचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला.

शेवटच्या दिवशी एक गृहस्थ आला. सूट, टाय, चकचकीत बूट. सोलकढी घोट घोट प्यायला आणि फाडफाड इंग्रजीत विचारायला लागला. महिन्याला किती माल देता? किती टिकतो? पॅकिंग कुठलं? शेट ताठ झाले. मला हळूच म्हणाले, "स्वाती, हा मोठा मासा आहे. ह्याला सोडू नको. आगळाची बाटली पुरी दे त्याला."

मी बाटली दिली. तो म्हणाला, 'अँड व्हेअर डू यू सोर्स युवर कोकम?'

"सांग त्याला, आपल्या स्वतःच्या बागा आहेत म्हणून," शेट मराठीत म्हणाले.

'फ्रॉम अवर ओन ऑर्चर्ड्स, सर,' मी म्हटलं.

तो गृहस्थ शेटकडे वळला.

"खयच्यो बागा ओ? सोलां तर तुम्ही आमच्या बांद्याच्या बाजारातसून उचलतास!"

तो बांद्याचा, आमच्या गोव्याच्या वेशीवरचा! त्याचीही कोकमाची कंपनी, आणि त्याचा स्टॉल आमच्या बरोबर पाठीमागे. प्रदर्शनभर त्याच्याकडेही कोणी फिरकलं नव्हतं. शेटनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा. आणखी घेणार?"

परतताना तो आमच्याच विमानात होता. मोपाहून शेटनी आणि त्याने एकच टॅक्सी केली. त्याने आधी शेटना डिचोलीला सोडलं आणि मग उलटा बांद्याला गेला. आता आमचं कोकम थेट त्याच्याकडून येतं, बाजारापेक्षा चांगलं.

दुबईहून आम्ही एक मोठं डील करून आलो. बांद्याशी.

*

शेवटचं इंग्लंडचं.

इंग्लंडला गोव्याची माणसं खूप. तिथल्या दुकानांना माल पुरवणारी एक कंपनी आमचं मिसकूट घ्यायला तयार झाली. ऑर्डर एवढी मोठी होती की शेड वर्षभर चालली असती, पावसाळ्यातसुद्धा. फक्त त्यांची एक मागणी होती. पाकिटावर चेहरा पाहिजे. लोणचं जी करते त्या बाईचा.

म्हापशाच्या डिझायनरने कुठल्यातरी मॉडेलचा फोटो लावून पाठवला. केसांना पांढरा रंग फासलेली तरणी बाई. इंग्लंडवाल्यांनी परत पाठवला. खरी बाई पाहिजे.

वैनी ऐकेना. "माझा थोबाड कोणाक बघूचा आसा?"

शेट तिला शेडच्या बाहेर घेऊन गेले. "वैनी, हे जमलं तर पावसाळ्यात एकाही बाईला घरी बसवावं लागणार नाही. बघ, तुझ्यावर आहे."

वैनी पिंपाकडे परत गेली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली हिरव्या काठांची साडी नेसून आली आणि शेडच्या भिंतीशी उभी राहिली. फोटो सुरेख आला. बाबलोच्या मागे राहिलेली वैनी जशी आम्ही रोज बघायचो तशीच, मोकळं कपाळ, मोकळा गळा, जरा हसू आवरल्यासारखी.

इंग्लंडहून मेल आली, 'लव्हली. कॅन शी लुक अ बिट मोअर ट्रॅडिशनल?'

मी ती मेल डिझायनरला पुढे पाठवून दिली. जहाज जवळ आलं म्हणून त्याने पाकिटं परस्पर छापून घेतली आणि नवीन चित्र मला पाठवलं, ते मी स्क्रीनवर उघडलं. शेट माझ्या मागे उभे होते. फोटो तोच, साडी तीच. पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. सगळं कॉम्प्युटरवर चढवलेलं.

मी चित्र मोठं करून बघितलं.

"काढायला सांग," शेट शेवटी म्हणाले.

तेवढ्यात मिठाच्या गोणी आल्या म्हणून सांगायला वैनी ऑफिसात आली. मी स्क्रीन झाकायच्या आत तिने बघितलं. ती जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"वैनी, हे त्याने आपल्या मनाने छापून टाकलंय," मी म्हटलं. "मी आत्ताच काढायला सांगते."

"परत छापूक किती दिवस लागतले?"

"आठवडा तरी."

"आणि जहाज?"

मी शेटकडे बघितलं. जहाज त्याच्या आधी सुटणार होतं.

"मगे रवांदे," वैनी म्हणाली. "शेट, मीठ खय उतरवूया?"

ती गेल्यावर शेटनी जनेल उघडलं आणि उगाचच बाहेर बघत उभे राहिले.

माल गेला. पावसाळा लागला, आणि पहिल्यांदाच कोणी घरी बसलं नाही.

वैनीला एक मुलगा, संजू. बाबलो गेला तेव्हा तो शाळेत होता. आता इंग्लंडला एका गोदामात कामाला आहे. दर रविवारी आईला फोन करतो. पण त्या दिवशी रविवार नव्हता. पाकिटाच्या मागे आमचा कस्टमर केअरचा नंबर असतो, तो फोन माझ्या टेबलावर. संध्याकाळी काम सुटायच्या जरा आधी वाजला. माझे हात सॅम्पल भरण्यात होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"हॅलो, कस्टमर केअर."

"हॅलो, मी इंग्लंडहून बोलतोय. तुमच्या पाकिटावर जी बाई आहे ना..." आणि आवाज थांबला.

"हो, बोला ना, काही तक्रार आहे का?"

"स्वाती, मी संजू. आईचो मोबाइल लागणा नाय."

प्रॉडक्शन हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही. मी धावत जाऊन वैनीला बोलावलं. ती मसाल्याचे हात तसेच घेऊन आली. काहीतरी वाईटच झालं असं तिला वाटलं.

"काय झाला रे? बरो आसस मा?"

"बरो आसंय. आई, हयच्या दुकानात तुझो फोटो दिसलो."

"होय."

मी स्पीकर बंद करायचं बटण शोधत होते. ते सापडेना.

"आई," संजू म्हणाला, "बाबा होते तेवा तू अशीच दिसायचंस."

वैनी फोनकडे बघत उभी राहिली. पत्र्यावर वाजणाऱ्या पावसात तिचा आवाज येईना, म्हणून संजूला वाटलं फोन कट झाला. "आई? आई?"

"ता खरा न्हय रे. काम्पुटरान लायलेला."

"माका माहीत आसा. मी चार पाकिटां घेतलंय."

"इतक्या लोणच्याचा काय करतलंस? तुका मी करून धाडतंय मा?"

"खावक न्हय घेतलंय."

वैनी फोनच्या आणखी जवळ आली.

"जेवलंस?" वैनीने विचारलं.

"जेवलंय."

"बरा. ठेव आता. कामावर आसंय मी."

कस्टमर केअरला आलेला प्रत्येक फोन नोंदवून ठेवायचा असतो. मी वही उघडली. मी विचारलं, "वैनी, काय लिहू?"

"लिही, तक्रार नाय," वैनी म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आमच्या प्रॉडक्शन हॉलच्या दाराशी एक आरसा आहे. आत जाताना टोपी चढवायची, बांगड्या काढायच्या, टिकली काढायची. गळून लोणच्यात पडली तर? हा अश्विनीचा नियम. बायका टिकल्या काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवतात आणि घरी जाताना परत लावतात. अश्विनी सकाळी दारात उभी राहून एकेकीचं कपाळ बघते. वैनीचं कधी बघावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकिंगचं विचारायला तिथेच उभी होते. वैनी आली. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, टोपी घेतली, आरशासमोर थांबली. अश्विनी पुढच्या बाईकडे वळता वळता थांबली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "वैनी, टिकली."

"काढतंय गो."

वैनीने कपाळावरची बारीक लाल टिकली काढली, आरशाच्या कडेला बाकीच्यांच्या रांगेत चिकटवली, आणि आत कामाला गेली.